कोपरा कापलेलं कार्ड

मी पेटी बोलतेय. दागिन्यांची नव्हे, कार्डांची. दीड हात लांब, साध्या लाकडाची, वर बिजागरीचं झाकण, आणि आत मधोमध पत्र्याची एक आडवी पट्टी. रुंदी एका कार्डाला पुरेल इतकी आणि वर बोटभर जास्त. हे बोटभर जास्त म्हणजे सुताराची मेहेरबानी. मालकांनी माप कागदावर लिहून दिलं होतं, पण त्या बाबाने कागद खिशात ठेवला आणि अंदाजपंचे करवत चालवली. त्यामुळे माझ्यातली कार्डं जन्मभर जराशी कलून उभी राहिली.

ती कलली तरी मी कधी कलले नाही. मी शिस्तीची. एका अक्षराखालचं कार्ड दुसऱ्या अक्षराखाली गेलं की माझा जीव वरखाली होतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण शेवटी मी तुमच्याकडे जे मागणार आहे ते माझ्या स्वभावाला शोभणारं नाही.

माझे पहिले मालक दाताचे डॉक्टर. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, टेबलावर, फोनच्या शेजारी माझी जागा. प्रत्येक पेशंटचं एक कार्ड. कुठली दाढ किडली, कुठली काढली, कोण इंजेक्शन बघूनच पळून गेलं, सगळं माझ्या पोटात. टेबलामागे बसायच्या आमच्या बाई. वय तेव्हा तेवीस-चोवीस, आवाज करडा, अक्षर असं की डॉक्टरसुद्धा आपलं स्वतःचं लिहिलेलं त्यांच्याकडून उतरवून घ्यायचे.

दर सहा महिन्यांनी बाई पेशंटना पत्र धाडायच्या. ‘आपले दात तपासून घेण्याची वेळ झाली आहे, कृपया यावे.’ एकदा असं पत्र गेलं आणि आठ दिवसांनी एक म्हातारी बाई ते हातात घेऊन दवाखान्यात आली. म्हणाली, “पोरी, हे तू पाठवलंस ना? ते तर मार्चमधे गेले.” तिला कुणावर रागवायचं नव्हतं. नुसती बाकावर बसून राहिली. पत्रावर नवऱ्याचं नाव होतं आणि त्या नावाचं पत्र घरी बऱ्याच दिवसांनी आलं होतं, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. बाईंनी तिला पाणी दिलं, तिच्याजवळ बसल्या. ती गेल्यावर बाईंनी माझ्यातून त्या माणसाचं कार्ड काढलं, कात्री घेतली आणि उजवीकडचा वरचा कोपरा कापला. मग कार्ड पट्टीच्या मागच्या बाजूला ठेवलं.

तेव्हापासूनची ही पद्धत. माणूस गेला की कोपरा कापायचा. मग पत्रं धाडताना वरून नुसतं बोट फिरवलं तरी कळतं. बाईंचा आणखी एक नियम होता. कोपरा कापलेलं कार्ड पुन्हा वाचायचं नाही. त्यात आता आपलं काही काम नाही, असं त्या म्हणायच्या.

याच दवाखान्यात एक दिवस एक तरुण अक्कलदाढ घेऊन आला. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून. गाल हा एवढा सुजलेला. नंबर यायला दीड तास होता आणि या गृहस्थाने तेवढ्या वेळात स्वतःच्याच तपासणीच्या चिठ्ठीच्या पाठीमागे गोष्ट लिहायला घेतली. चिठ्ठी संपली तेव्हा टेबलापाशी येऊन कागद मागायला लागला. बाई म्हणाल्या, “अहो, इथे दात बघतात. कागदाचं दुकान कोपऱ्यावर आहे.” तरी एक कोरं कार्ड दिलं. दाढ काढून झाल्यावर, अर्धं तोंड बधिर असताना, त्याने बाईंना ती गोष्ट सांगितली. एका देशात नदी उलटी वाहते, समुद्राकडून डोंगराकडे, आणि तिथली माणसं म्हातारी होताना लहान होत नाहीत, हे त्याने दोनदा बजावून सांगितलं. “नदी उलटी आहे, माणसं नाहीत.” लाळ गळत होती. बाई इतक्या हसल्या की डॉक्टर आतून बाहेर आले. मी मनात म्हटलं, झालं, आता हा रोज दात घेऊन येणार.

आलाच. सगळे दात धडधाकट असताना आला. पुढे लग्न झालं. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा बाईंना विचारलं, “तुला काय देऊ?” बाई म्हणाल्या, “दुसरं काही नको, ही पेटी द्या.”

अशी मी सासरी आले म्हणायची.

त्या उलट्या नदीच्या देशावर आता सहा कादंबऱ्या आहेत आणि चाळीस-एक कथा. दुकानात त्यांचं वेगळं फडताळ असतं. कथांवर नाटकं झाली, लोकांनी आपल्या कुत्र्यांना त्यातली नावं ठेवली. पण पहिल्या कादंबरीत काय झालं होतं ते मला माहीत आहे. बाराव्या पानावर राणीचे डोळे घारे आणि शेवटच्या पानावर काळेभोर. एका वाचकाने पत्र पाठवून लेखकमहाशयांची अशी हजेरी घेतली की ते दोन दिवस जेवले नाहीत. बाई म्हणाल्या, “चारशे माणसांच्या दाढा मला कुठे पाठ होत्या? पण एक चुकली का कधी? का नाही चुकली?” आणि कोऱ्या कार्डांचा गठ्ठा आणून माझ्यासमोर बसल्या.

मग माझ्यात माणसं राहायला आली. राणी, सेनापती, नावाडी, घंटा घडवणारा तांबट, पाण्याचा रंग चोरणारी म्हातारी. प्रत्येकाला एक कार्ड. डोळे, उंची, डावखुरा की उजवा, बोलायची लकब, कशाला घाबरतो. कादंबरीत आलेलं निळ्या शाईत, कथेत आलेलं हिरव्या. कार्ड भरलं की त्यावर डिंकाने चिठ्ठी डकवायची आणि चिठ्ठीवर तारीख. सगळ्यात खाली एक ओळ, मृत्यू, भाग आणि पान. ती ओळ भरली की कोपरा कापायचा आणि कार्ड पट्टीमागे.

सकाळी लेखक लिहायचे आणि आतून हाक यायची. “अगं, नावाड्याचा कुठला पाय अधू?”

“डावा.”

“सेनापतीला पोहता येतं?”

“भाग एकमधे बुडता बुडता वाचलाय. आता पोहायला लावायचं असेल तर शिकवा आधी.”

असा यांचा संसार. मधे एक मुलगी झाली. ती माझ्या झाकणावर बसून घोडा घोडा खेळायची आणि मी कुरकुरायचे.

दुसऱ्या भागात सेनापती मेला. महाराज, काय पत्रं आली! लोक रडले. प्रकाशकांचा फोन आला की जादूचा देश आहे, काहीतरी करून परत आणा त्याला. लेखकांनाही मोह झाला. ते बाईंकडे येऊन म्हणाले, “आणू या का गं?”

“कोपरा कापलाय.”

“मग चिकटव ना.”

बाईंनी कात्री खाली ठेवली. “शर्टाचं बटण आहे का ते, चिकटव म्हणे! अहो, जिचा नवरा खरंच गेलाय, ती पण वाचते तुमची पुस्तकं. तिला काय सांगणार तुम्ही? की तिथली येतात, तुझाच तेवढा येत नाही?”

सेनापती मेलेलाच राहिला. आणि बघा, त्याच्यापायीच ती पुस्तकं लोकांना धरून बसली. त्या देशात नदी उलटी वाहते, पक्षी शेती करतात, सावल्या विकत मिळतात. पण गेलेला माणूस गेलेला असतो. ज्यांच्या घरातलं कुणी गेलंय असे वाचक ती पुस्तकं उशाशी ठेवत. त्यांची पत्रं बाई माझ्या झाकणाच्या आतल्या खणात जपून ठेवायच्या. आणि हा नियम बाईंचा आहे हे लेखक भेटेल त्याला सांगायचे.

आता दोरवालीचं सांगते. ते सांगण्यासाठीच मी तोंड उघडलंय.

दोरवाली ही काही मोठी व्यक्ती नव्हे. घाटावर बसून होड्यांचे दोर वळणारी बाई. डावखुरी, उंच, एका दमात तीन माणसांशी भांडणारी, बेसूर गाणारी. दुसऱ्या भागात चार पानं, तिसऱ्यात सहा, एका कथेत हिरव्या शाईच्या दोन ओळी. पण वाचकांचा तिच्यावर जीव. खरं सांगायचं तर माझाही. तिचं कार्ड वाचून बाई हसायच्या, म्हणून.

तिसऱ्या भागात पूर येतो. तांबट वाहून जातो, पान दोनशे बारा. त्या प्रकरणात आलेल्या सगळ्यांची कार्डं बाईंनी टेबलावर काढून ठेवली होती. पण कामाला बसण्याआधी त्या इस्पितळात जाऊन आल्या. लेखक पुस्तकाच्या कामासाठी छापखान्यात होते. मुलगी कॉलेजात. बाई आल्या, चपला काढल्या, हातातलं मोठं पाकीट माझ्याखाली सरकवलं आणि खुर्चीत बसल्या. मग डिंकाची बाटली ओढली.

चिठ्ठी डकवली की डिंक वाळेपर्यंत बाई कार्डाला कधी हात लावत नसत. त्या दिवशी थांबल्या नाहीत. तांबटाच्या कार्डावर चिठ्ठी डकवली, तारीख घातली, कडेने डिंक बाहेर आला होता तसंच दोरवालीचं कार्ड त्यावर पडलं, चिकटलं. बाईंनी दोन्ही एकच समजून उचलली. कात्री लावली. हात हलत होता, कोपरा तिरका कापला गेला. दोन कोपरे टेबलावर पडले. बाईंनी न बघताच ते गोळा करून टाकून दिले आणि दोन्ही कार्डं पट्टीमागे घातली.

मी बघितलं. अहो, माझ्या पोटातली गोष्ट, मला कळणार नाही? दोरवाली मेलेली नव्हती. तिच्या खालच्या ओळीत भाग नव्हता, पान नव्हतं, काही नव्हतं. मी कुरकुर केली, झाकण वाजवलं, जेवढी बिजागरी तेवढी सगळी वाजवली. बाई म्हणाल्या, “हिला तेल घालायला हवं.” आणि दुसऱ्या दिवशी बिजागरीत दोन थेंब तेल घातलं.

पाकिटातलं त्यांनी नवऱ्याला चार दिवस सांगितलं नाही. शेवटचं प्रकरण छापखान्यात जाऊ दिलं, मग सांगितलं. त्या आतल्या खोलीत काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. लेखक बाहेर आले तेव्हा त्यांनी टेबलाची कड धरली होती.

उपचार झाले, केस गेले, पुन्हा आले. बाई उठून कामाला लागल्या. चौथा भाग सुरू झाला तेव्हा आतून हाक आली, “अगं, दोरवाली बघ गं. घाटावर भांडण हवंय.”

बाईंनी पुढच्या कप्प्यात शोधलं. नाही. मागच्या कप्प्यात बोट फिरवलं. डिंक वाळून कार्डं केव्हाच सुटी झाली होती. वरचं नाव दिसलं, कोपरा दिसला. नियम तो नियम, पुढे वाचलंच नाही. “नाही हो. गेली ती.”

“गेली? कधी?”

“पुरात गेली असेल.”

“हां. पुरात घाटावरची बरीच गेली.” लेखकांनी चौथ्या भागात ‘दोरवाली पुरात गेली’ अशी एक ओळ घातली आणि भांडायला दुसरी बाई निर्माण केली. तिच्यात काही दम नव्हता.

बाईंचं कधी चुकत नाही, यावर लेखकांचा विश्वास. कार्डाचं कधी चुकत नाही, यावर बाईंचा. दोघांच्या विश्वासात ती बिचारी जिवंतपणी माझ्या मागच्या कप्प्यात पडून राहिली. तांबटाच्या मागे, सेनापतीच्या पुढे. सहा वर्षं मी तिला वाहिलं. त्यासारखं जड ओझं मी कधी उचललं नाही.

एका माणसाला मात्र संशय आला. कुठल्याशा गावचे निवृत्त पोस्टमास्तर. ते वर्षातून एकदा पत्र लिहायचे, दर वेळी तेच. ‘सा. न. वि. वि. भाग तीन पुन्हा वाचला. दोरवाली मरण पावल्याचे पान सापडत नाही. कृपया पान नंबर कळवावा.’ घरात त्यांचं नावच पडलं, पाननंबरवाले काका. पत्र आलं की बाई म्हणायच्या, “काका आले हो!” लेखक उत्तर लिहायचे, ती पुरात गेली, आपल्या प्रेमाबद्दल आभार. पुढच्या वर्षी काका हजर. ‘पूर चार वेळा वाचला. पान नंबर कळवावा.’ दोघं पोट धरून हसायची. मी नाही हसायचे.

सहाव्या भागानंतर बाईंचं दुखणं उलटलं. शेवटी शेवटी त्या पलंगावर पडून कार्डं मागवायच्या आणि उशीवर ठेवून लिहायच्या. अक्षर लहान झालं होतं, पण ओळ सरळ. एक दिवस त्यांनी कार्ड मागितलं नाही.

त्यांच्या जाण्याबद्दल मला जास्त बोलता येणार नाही. माझ्यावर धूळ बसली एवढं सांगते. त्या असताना माझ्यावर कधी धूळ बसली नव्हती.

लेखक आठ महिने टेबलाकडे फिरकले नाहीत. सातवा भाग शेवटचा, लोक वाट बघत होते, प्रकाशक फोन करून थकले. मग एका सकाळी ते आले, माझ्यासमोर बसले आणि मागचा कप्पा रिकामा केला. सगळीच्या सगळी मेलेली माणसं टेबलावर. पांढऱ्या कागदाचे त्रिकोण कापले आणि चिकटपट्टीने एकेका कार्डाला कोपरा लावायला लागले. सेनापती. तांबट. पाण्याचा रंग चोरणारी. शेचाळीस कार्डं. शेजारी कागद होते, त्यांवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की नदी एक दिवस सुलटी होते आणि गेलेली सगळी तिच्यातून चालत घरी येतात.

मला राग यायला हवा होता. आयुष्यभराची शिस्त माझ्यासमोर मोडत होती. पण त्यांचा चेहरा बघून मला राग आला नाही. मला रडू आलं.

मुलगी सुट्टीच्या दिवशी यायची. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं तिचं काम. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. टेबल बघून ती दारातच थांबली.

“बाबा, हे काय चाललंय?”

“सातवा भाग.”

“आईला चाललं असतं हे?”

“आई आहे का विचारायला?” लेखक ओरडले. त्यांना ओरडताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. “माझा देश आहे. नदी माझी, माणसं माझी. एवढंसुद्धा करू नको मी? कुणाला तरी आणता येत असेल तर आणू नको?”

मुलीने त्यांना आत नेऊन झोपवलं, परत आली आणि कार्डं आवरायला बसली. तिला आईचा नियम माहीत नव्हता. किंवा माहीत असेल, पण आईचं अक्षर समोर असताना कुठली लेक न वाचता ठेवेल? ती एकेक कार्ड वरून खालपर्यंत वाचत होती, बोटाने ओळींवरून जात होती. मृत्यू, भाग दोन, पान तीनशे चार. मृत्यू, भाग तीन, पान दोनशे बारा. आणि मग दोरवाली. खालची ओळ कोरी.

मी श्वास धरला म्हणा. बिजागरीसुद्धा हलवली नाही.

तिने कार्ड उलटलं. मागे डिंकाचा डाग. तिने पुन्हा मागची कार्डं काढली, तांबटाच्या चिठ्ठीच्या कडेला तसाच डाग. दोन्ही एकावर एक ठेवली. डागावर डाग बसला. चिकटपट्टीचे खोटे कोपरे सोडवले, तर तिरक्यावर तिरकं बसलं. मग तिला झाकणातली पत्रं आठवली. काकांची चारही पत्रं तिने वाचली, भाग तीन घेतला आणि दुपारभर पुराची पानं वाचत बसली.

लेखक उठून आले तेव्हा तिने विचारलं, “बाबा, दोरवाली कुठल्या पानावर मेली?”

“आता तूही सुरू झालीस का त्या काकांसारखी?”

“पान नाहीये बाबा. ती मेलीच नाहीये. आईने चुकून कापलंय.”

“तुझी आई चुकत नाही.”

तिने दोन्ही कार्डं त्यांच्या हातात दिली. त्यांनी डाग पाहिला, तिरका काप पाहिला. मग तांबटाच्या चिठ्ठीवरची तारीख पाहिली आणि खुर्चीवर बसले. ती तारीख त्यांना तोंडपाठ होती. इस्पितळाच्या रिपोर्टवर तीच तारीख आहे.

“त्या दिवशी कळलं तिला,” लेखक म्हणाले. “मी घरी आलो तर मला विचारते, जेवणार की आधी चहा? आणि त्याच्या आधी इथे एकटी बसून हे कापत होती. चार दिवस गं. चार दिवस मला कळू दिलं नाही तिने. मला वाटायचं, ती किती खंबीर. आणि हात बघ तिचा. हात बघ कसा हललाय.”

ते त्या तिरक्या कापावरून अंगठा फिरवत होते आणि रडत होते. लेक त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती, तीही रडत होती. एवढ्या वर्षांत बाईंची ही एकच चूक. आणि ती चूक कशापायी झाली ते त्यांना इतक्या उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी लेखकांनी स्वतःच्या हाताने चिकटपट्ट्या काढल्या. उरलेल्या चव्वेचाळीस कार्डांवरच्या. काही ठिकाणी शाईही निघून आली. तिथे त्यांनी पुन्हा लिहिलं नाही. नदी सुलटी करणारे कागद फाडून टाकले. पंचेचाळीस कार्डं मागच्या कप्प्यात गेली, आणि दोरवाली पुढे आली. तिचा कोपरा मात्र त्यांनी जोडला नाही. ते मुलीला म्हणाले, “तुझ्या आईने कापलाय. राहू दे.”

मग त्यांनी हिरव्या शाईची दौत काढली आणि एक कथा लिहिली. लहानशी, नऊ पानांची. दोरवाली खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन घाटावर येते. लोक पळतात, रडतात, म्हणतात आम्ही तुला मेलेली समजलो. ती कमरेवर हात ठेवते. “कुणी सांगितलं? पलीकडच्या काठावर दोर वळत बसले होते. सहा वर्षांत एकाने तरी हाक मारायची!” मग गर्दीतून राणी पुढे येते. सेनापती तिचा नवरा. ती विचारते, “तिकडे ते दिसले का गं तुला?” दोरवाली पहिल्यांदाच आवाज खाली आणते. म्हणते, “नाही गं माझे आई. मी त्यांच्यात नव्हतेच. ते जिथे गेलेत तिथून मी आलेली नाही.” आणि दोघी पायरीवर बसतात. कथा तिथेच संपते.

लेखक म्हणाले, ही आधी काकांना जाऊ दे. मुलीने स्वच्छ प्रत काढली, वर लिहिलं, ‘आपलं बरोबर होतं. पान नव्हतं. क्षमस्व.’ पत्र गेलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. अक्षर काकांचं नव्हतं. ‘आपले पत्र ह्यांच्या नावाने आले. हे मागच्या वर्षी गेले. पुस्तके मी कधी वाचली नव्हती, हे वाचायचे आणि मला सांगायचे. दवाखान्यातसुद्धा म्हणत होते, ती मेलेली नाही, मी पान न् पान बघितलं आहे. तुमची गोष्ट मी ह्यांच्या खुर्चीत बसून मोठ्याने वाचली. राणीने विचारलेले मला समजले. आपली कृपा असावी.’

लेखकांनी ते पत्र दोनदा वाचलं. मला तो दवाखान्यातला बाक आठवला आणि त्यावर बसलेली ती म्हातारी. गेलेल्या माणसाच्या नावाने पत्र जाऊ नये म्हणून बाईंनी कोपरे कापायला सुरुवात केली होती, आणि शेवटी त्यांच्या घरातूनच तसं पत्र गेलं. फक्त या वेळी घेणारी बाई खुर्चीत बसून वाचू शकली. बाई असत्या तर त्यांना काय वाटलं असतं, मला ठाऊक नाही. मी पेटी आहे, मला सगळं ठाऊक नसतं.

सातवा भाग चालू आहे. रोज अर्धं पान, कधी तेही नाही. लेखक स्वतःच उठून येतात, झाकण उघडतात, कार्ड बघून जातात. कधी सवयीने खोलीतूनच हाक निघते, “अगं, नावाड्याचा कुठला पाय...” आणि वाक्य तिथेच राहतं. डावा, मी म्हणते. ऐकू जात नाही.

त्या पत्राच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक कोरं कार्ड घेतलं होतं. शाई निळीही नाही, हिरवीही नाही, साधी पेन्सिल. वर नाव नाही, नुसतं ‘ही’. खाली लिहिलं. डोळे काळे. उजव्या हाताची. आवाज करडा, पण हसताना डॉक्टर बाहेर येतात. चहाआधी बोलू नये. कशाला घाबरते, त्यापुढे बराच वेळ पेन्सिल थांबली आणि मग लिहिलं, ‘सांगत नाही.’ सगळ्यात खाली मृत्यूची ओळ आखली. भरली नाही. कात्री उचलली, मुलीकडे दिली. मुलीने ती हातात धरली आणि परत टेबलावर ठेवली. “माझ्याच्याने नाही होणार, बाबा.” त्यांच्याच्यानेही झालं नाही. कार्ड त्यांनी पुढच्या कप्प्यात ठेवलं, दोरवालीच्या शेजारी.

ते कार्ड चुकीच्या जागी आहे, हे मला पक्कं माहीत आहे. त्याची जागा पट्टीमागे. सहा वर्षं एक जिवंत बाई गेलेल्यांत पडून होती तेव्हा मी घसा फोडून कुरकुरत होते. आता एक गेलेली बाई जिवंतांत उभी आहे आणि मी हूं की चूं करत नाही. बिजागरीतलं तेल केव्हाच आटलंय, वाजायचं म्हटलं तर खणखणीत वाजेन. पण नाही वाजत.

पुढेमागे हे घर आवरायला कुणी येईल. कदाचित तुमच्यापैकीच कुणी. सातही भाग वाचलेलं, शिस्तीचं, माझ्यासारखंच. पुढचा कप्पा तपासताना पेन्सिलीने लिहिलेलं एक कार्ड हाताला लागेल. चारही कोपरे शाबूत, खालची ओळ कोरी. तुम्हाला वाटेल, राहून गेलं असेल, पूर्ण करून टाकू.

नका करू. पाया पडते तुमच्या. कात्री खाली ठेवा, झाकण लावा, आणि पान नंबर विचारू नका.